शिंगराचा पाय आणि हस्ताचा पाऊस

म्हैसूर शहरातील चामराजपुरम या जुन्या वस्तीच्या अंगाने जो रुंद रस्ता जातो, त्याला अवघे शहर ‘जे. एल. बी. रोड’ या तीन इंग्रजी अक्षरांनी ओळखते. आणि चामराजनगरच्या लोहमार्गावरील इथल्या लहानशा स्थानकावर उतरलेल्या नवख्या मराठी माणसाला ही अक्षरे म्हणजे झाशी लक्ष्मीबाई होत हे जेव्हा कळते, तेव्हा आपल्याच घराण्यातली एखादी थोर स्त्री दूरच्या गावी टोपणनावाने नांदताना अकस्मात भेटावी, तसा आनंद त्याला झाल्यावाचून राहत नाही. गंमत अशी की, ज्या राणीची मूर्ती घोड्यावाचून आपल्या डोळ्यांपुढे उभीच राहत नाही, तिच्या नावाच्या रस्त्यावर आता घोडा क्वचितच दृष्टीस पडतो. स्कूटर आणि रिक्षा यांच्या गर्दीतून एखादा टांगा वाट काढत येतो, त्याची टापांची लय क्षणभर ऐकू येते आणि पुन्हा भोंग्यांच्या कल्लोळात बुडून जाते.

तथापि म्हैसूरने घोड्याशी असलेले नाते तोडलेले नाही. चामुंडीच्या टेकडीच्या पायथ्याशी १८९१ साली स्थापन झालेल्या म्हैसूर रेस क्लबचे मैदान आहे. दसऱ्याच्या जंबू सवारीत दिमाखाने चालणारे पोलिसांचे अश्वदल आहे. राजवाड्यात नवरात्रात पूजेचा मान घेणारा ‘पट्टद कुदुरे’, म्हणजे गादीचा घोडा आहे. आणि ज्यांना इथे मोठ्या ऐटीने ‘शाहपसंद’ म्हणतात ते टांगेही अद्याप अगदीच नामशेष झालेले नाहीत. तुमकूर जिल्ह्यातील कुणिगलची अश्वपैदास हैदर आणि टिपू यांच्या काळापासून चालत आली आहे. म्हैसूरच्या जुन्या घोडदळाला ‘सिल्लेदार’ म्हणत, तो शब्द आपला ‘शिलेदार’च, स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येणारा. या शिलेदारांची एक तुकडी २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत वेलस्लीच्या बाजूने शिंद्यांविरुद्ध उभी होती, हे मराठी वाचकाला रुचणार नाही, परंतु दप्तरात आहे ते आहे. आणि बरोबर त्याच तारखेला, ११५ वर्षांनी, म्हैसूरचे भालाईत स्वार जोधपूरच्या स्वारांसह हैफा शहरात शिरले.

प्रस्तुत लेखाचा विषय या वैभवाच्या मानाने क्षुल्लक वाटेल असा आहे. घोड्याच्या लहान पोराच्या, म्हणजे शिंगराच्या, पायाला जखम होऊन तीवर पट्टी बांधलेली असता ती कोरडी कशी राखावी, एवढाच तो विषय. पट्टी बांधणे हे पशुवैद्याचे काम आणि ते अर्ध्या-पाऊण तासात उरकते. ती कोरडी राखणे हे धन्याचे काम, आणि ते रात्रंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे चालते. निष्णात हातांनी बांधलेल्या कितीतरी पट्ट्या ज्या कारणाने फुकट जातात ते कारण वैद्यकाच्या अज्ञानात नसून तबेल्याच्या जमिनीत असते, असे माझे मत होत गेले आहे, आणि पुढचे विवेचन बहुतांशी त्याच मताचे समर्थन आहे.

समजा, नंजू मळिगे चौकाच्या मागच्या एखाद्या गल्लीत टांगेवाल्याच्या पत्र्याच्या छपराखाली एक घोडी आणि तिचे तीन महिन्यांचे शिंगरू आहे. खेळण्याच्या भरात शिंगराने मागचा पाय पत्र्याच्या कडेवर मारून घेतला, आणि घोट्याच्या वर, नळीच्या हाडावर, चार बोटे लांबीची कातडी उलगडली. डॉक्टर आले, जखम धुतली, जिथे टाके धरतील तिथे ते घातले, पट्टी बांधली, धनुर्वाताची सुई दिली. धनुर्वाताची ही तसदी अनावश्यक समजू नये: त्या रोगाचे जंतू मातीत आणि खुद्द घोड्याच्या लिदीत असतात, आणि पाळीव जनावरांत त्या विषाला घोड्याइतके हळवे दुसरे कोणी नाही. डॉक्टर जाताना एवढेच सांगून गेले की पट्टी भिजू देऊ नका. वर आभाळ भरून आलेले, कारण दिवस हस्त नक्षत्राचे.

म्हैसूरचा पाऊस कोकणासारखा धो-धो नव्हे. वर्षाकाठी सुमारे ८० सेंटिमीटर, म्हणजे कोकणातल्या एखाद्या जुलै महिन्यापुरताच. परंतु तो आषाढ-श्रावणात मोकळा होत नाही. मे महिन्यात एकदा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा एकदा त्याचा जोर होतो, आणि ज्याला आपण ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतो आणि इथले लोक ‘हस्त मळे’ म्हणतात, तो ऐन दसऱ्याच्या तोंडावर दुपारी-संध्याकाळी कोसळून जमीन चिंब करून जातो. आपल्याकडे हे दिवस पावसाळा आवरण्याचे. इथे ते तबेल्याच्या परीक्षेचे.

आता घोड्याच्या पायाची रचना थोडी पाहिली पाहिजे, कारण तिच्यावाचून या सगळ्या काळजीला अर्थ प्राप्त होत नाही. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नाही. हाड, त्यावरून दोरखंडासारखे ताणलेले स्नायुबंध, आणि वर लगेच कातडी; एवढ्यावर चारपाचशे किलोंचे जनावर उभे राहते आणि धावते. रक्त पुरवणाऱ्या मांसाचे आच्छादन नसल्यामुळे आणि हा भाग हृदयापासून दूर असल्यामुळे, खांद्यावरची किंवा छातीवरची भयंकर दिसणारी जखम ज्या सहजतेने भरून येते ती सहजता पायाच्या जखमेला नसते. ती सावकाश भरते, आणि भरताना अनेकदा भलत्याच उत्साहाने भरते: कातडीच्या पातळीच्या वर लालभडक, दाणेदार, फाजील मांस फुगून येते, त्यावरून कातडी सरकू शकत नाही, आणि जखम महिनोन्‌महिने तशीच राहते. ओल, घाण आणि वरचेवर होणारी हालचाल ही तिन्ही या फाजील मांसाला खतपाणी घालतात.

टांगेवाल्याला दिलासा देणारी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हॉलंडमधील उट्रेख्टच्या पशुवैद्यकांनी मोठे घोडे आणि लहान चणीचे तट्टू यांच्या जखमांची तुलना केली, तेव्हा तट्टांच्या जखमा लौकर आणि नीटस भरतात असे दिसून आले. तट्टाच्या शरीरात जखमेविरुद्धचा पहिला दाह जोरकस उठतो आणि लौकर शमतो. उंची घोड्याच्या शरीरात तो मंद उठतो आणि रेंगाळत राहतो. शर्यतीच्या लाखमोलाच्या जनावरापेक्षा टांग्याच्या तट्टाला निसर्गाने या एका बाबतीत उजवे माप दिले आहे. अर्थात ते माप ओल्या पट्टीने वाया घालवता येतेच.

ओल नेमके काय करते? धुणे धुऊन उठलेल्या बाईच्या बोटांची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली होते, तेच ओल्या पट्टीखाली शिंगराच्या कातडीचे होते. फरक इतकाच की बाईचे हात तासाभरात वाळतात आणि शिंगराची कातडी दोन-दोन दिवस तशीच भिजत राहते. भिजलेली कातडी मऊ पडते, तिचा वरचा थर सुटू लागतो, आणि निरोगी कातडीवर एरवी निपचित पडून असलेल्या जंतूंना वाट मिळते. डर्माटोफिलस नावाचा एक जंतू तर खपल्यांमध्ये कोरड्या दिवसांत झोपून राहतो आणि ओल लागताच पोहू शकणारी बीजे सोडतो. याहून महत्त्वाची गोष्ट वातीची. कंदिलाच्या वातीतून तेल जसे आपोआप वर चढते, तसे सुती पट्टीच्या धाग्याधाग्यांतून बाहेरचे गढूळ पाणी आत चढते आणि आपल्याबरोबर बाहेरची सारी घाण घेऊन जाते. कोरडी पट्टी म्हणजे भिंत. तीच पट्टी भिजली की वात होते. बाहेरच्या थरावर रुपयाएवढा ओला डाग दिसला म्हणजे आतला थर कोरडा असेल अशी आशा करणे हा भाबडेपणा होय.

आणखी एक धोका कमी बोलला जातो. भिजलेली सुती पट्टी वाळताना आवळते, आणि तिच्यातला कापूस गोळा होऊन एका जागी गाठ, एका जागी पोकळी अशी विषमता होते. गुडघ्याखाली मांस नसल्यामुळे ही गाठ थेट स्नायुबंधावर दाबते. पट्टी मुळात सैल बांधली असती तरी चालले असते, इतका त्रास हा विषम दाब देऊन जातो.

या कापसाची कथा थोडी रम्य आहे. झाडावरून उतरवलेल्या कापसाच्या तंतूंवर मेणाचा सूक्ष्म थर असतो. म्हणून गादीतला कापूस पाणी लौकर पीत नाही. तो क्षाराच्या पाण्यात उकळून मेण काढले की तो शोषक होतो. अशा शोषक कापसाचा जाड थर तलम जाळीच्या दोन कापडांमध्ये घालून त्याचे गादीसारखे पट्टे करावेत, ही कल्पना १८८० साली बर्मिंगहॅमच्या सॅम्पसन गॅमजी या शल्यविशारदाने काढली. गॅमजीचे वडील घोड्यांचे डॉक्टर होते आणि तो स्वतः माणसांकडे वळण्यापूर्वी पशुवैद्यकच शिकलेला होता. त्याचा शोध माणसांच्या रुग्णालयांत नव्या वस्तूंनी मागे टाकला; पण जगभरच्या तबेल्यांत पायाला गुंडाळायच्या त्या जाड पट्ट्याला अजूनही ‘गॅमजी’च म्हणतात. ज्या जनावरांच्या सहवासात तो वाढला त्यांनीच त्याचे नाव राखले.

पट्टी बांधण्याचा शिरस्ता थोडक्यात असा. जखमेला चिकटणार नाही असे औषधी कापड आधी, त्यावर जाळीची गुंडाळी, त्यावर कापसाचा भरघोस थर, आणि शेवटी ताणली जाणारी, स्वतःलाच चिकटणारी वरची पट्टी. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकतो. डाव्या पायाला घड्याळाच्या काट्यांच्या उलट आणि उजव्याला सुलट गुंडाळण्याचा दंडक आहे, म्हणजे मागचे स्नायुबंध बाहेर न ओढले जाता आत दाबले जातात. कापूस जाड असेल तर वरची पट्टी घट्ट ओढावी; कापूस पातळ असेल तर तो घट्टपणा स्नायुबंधाचा शत्रू. हे काम मात्र डॉक्टरांनी किंवा त्यांनी शिकवलेल्या माणसानेच करावे. ‘बघून शिकलो’ असे सांगणाऱ्यांनी वाकडे करून ठेवलेले पाय पुष्कळ आहेत.

येथून धन्याचे काम सुरू होते, आणि त्याला पहिला प्रश्न पडतो तो पावसाचा. वास्तविक पट्टी भिजवणाऱ्या पाण्यांत आभाळाच्या पाण्याचा वाटा सर्वांत लहान. छपराखाली बांधलेल्या जनावराच्या पायावर पाऊस किती पडणार? दुसरे पाणी बादलीचे: शिंगरांना बादलीत पाय घालून पाणी उडवण्याची विलक्षण हौस असते, म्हणून बादली जमिनीवर न ठेवता घोडीच्या छातीच्या उंचीवर कडीला टांगावी, हे झाले. तिसरे आणि खरे पाणी जमिनीचे. मध्यम आकाराची घोडी दिवसाला ५ ते १० लिटर, कधी त्याहून अधिक मूत्र टाकते. शिंगरू आपल्या परीने त्यात भर घालते. आणि शिंगरू या वयात दिवसाचा निम्मा वेळ आडवे पडून झोपते. ते पडते तेव्हा पट्टीची एक बाजू तासभर अंथरुणावर दाबली जाते. अंथरूण ओले असेल तर आभाळ निरभ्र असूनही पट्टी भिजणार. मूत्रातून सुटणारा अमोनियाचा वाफारा डोळ्यांना आणि छातीला अपाय करतो तो वेगळाच.

इथेच घोडे पेंड खाते. कारण ओल वरून येते या समजुतीने मनुष्य पहिली धाव घेतो ती प्लॅस्टिकच्या पिशवीकडे. पायावर पिशवी चढवून, वरचे तोंड चिकटपट्टीने गच्च आवळून, तो निश्चिंत होतो. पण कातडी श्वासाबरोबर ओल सोडीत असते, जखमेतून लस झिरपत असते, जनावराला घाम येतो. आणि ही सगळी ओल पिशवीच्या आतल्या अंगावर थेंब होऊन साचते. सहा-आठ तासांनी पिशवी काढून पाहावी तर पट्टी आतूनच ओली, उबदार आणि आंबूस वासाची; म्हणजे पावसाने जे केले नसते ते पावसापासूनच्या संरक्षणाने केले. शिवाय वर आवळलेली चिकटपट्टी रक्त अडवते. बाहेरचे पाणी थोपवण्याच्या नादात आतले पाणी कोंडणे, हा या प्रकरणातला सर्वांत सामान्य आणि सर्वांत क्षम्य प्रमाद आहे, आणि तो सुशिक्षितांकडून अधिक घडतो असे मला वाटते. अशिक्षिताकडे इतक्या पिशव्या नसतात.

आच्छादन अजिबात वापरू नये असा याचा अर्थ नव्हे. ते छत्रीसारखे वापरावे: बाहेर पडताना उघडावे, घरात येताच मिटावे. शिंगराला डॉक्टरांच्या टेबलापर्यंत किंवा गल्लीच्या टोकाच्या कोरड्या ओट्यापर्यंत न्यायचे असेल तेवढ्या पंधरा-वीस मिनिटांपुरते पाय झाकावा आणि परतल्यावर झाकण काढून पट्टी हाताने चाचपावी. पशुवैद्यांची एक जुनी युक्ती या कामी फार उपयोगी पडते. सलाईनची रिकामी जाड पिशवी एका बाजूने कापली की तिचा शिंगराच्या खुराला बेतशीर असा मोजा होतो. तो खुरावर आणि घोट्याखालच्या निमुळत्या भागावर चढवून, त्यावर चिकटपट्टी फक्त पट्टीच्या कापडावर, कातडीवर नव्हे, हलक्या हाताने फिरवावी. मालमोटारीच्या टायरमधल्या रबरी नळीचा तुकडा कापून त्याचा जोडा करणारेही आहेत. या दोन्ही युक्त्यांचे मर्म एकच: तळ आणि खालचा भाग जलाभेद्य, वरचा भाग मोकळा. पाणी खालून येते. वाफ वरून जाते. पट्टीच्या वरच्या काठाशी गवताची काडी किंवा भुसा आत शिरू नये म्हणून चिकट पट्टीचा एक सैल वेढा अर्धा कातडीवर, अर्धा कापडावर देतात. त्याखाली बोट सहज शिरले पाहिजे.

परंतु हे सगळे दुय्यम. मुख्य बंदोबस्त जमिनीचा. टांगेवाल्यांच्या गोठ्यांतली जमीन बहुधा दगडी फरशीची किंवा चोपलेल्या मातीची असते. फरशीला दाराकडे उतार असेल तर मूत्र वाहून जाते. नसेल तर ते सांध्यांत मुरते आणि वर घातलेले अंथरूण कितीही ताजे असले तरी खालून ओलावते. तेव्हा प्रथम जुने सगळे अंथरूण काढून, फरशी धुऊन, ती पूर्ण वाळू द्यावी. हस्ताच्या दिवसांत वाळण्याला वेळ लागतो, म्हणून हे काम सकाळच्या उन्हात, पाऊस येण्याआधी करावे. सांध्यांतून चुना भुरभुरल्यास ओल आणि दुर्गंधी दोन्ही कमी होतात; मात्र चुना पट्टीला किंवा शिंगराच्या तोंडाला लागणार नाही इतका अंथरुणाच्या खाली राहिला पाहिजे. म्हैसूरच्या आसपास भाताचा पेंढा मुबलक. तो कोरडा असेल तर वीतभर जाड, आणि भिंतीच्या कडेने आणखी जाड घालावा. लाकडाचा भुसा पेंढ्याहून अधिक ओल पितो, पण त्याचे बारीक कण उघड्या जखमेत गेले तर काढता काढता पुरेवाट होते. जखम पट्टीखाली नीट झाकलेली असेल तेव्हाच तो वापरावा. घोडी बहुधा ठरावीक कोपऱ्यातच मूत्र टाकते. तो कोपरा दिवसातून चार वेळा उपसावा आणि शिंगराचे झोपण्याचे अंग त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात राहील असे पाहावे.

घोडीला दुसरीकडे बांधून शिंगराला एकटे कोरड्या जागी ठेवावे, अशी सूचना कोणी तरी शहाणा हटकून करतो. ती ऐकू नये. तीन महिन्यांच्या शिंगराला आईपासून दूर केले तर ते भिंतींवर धडका घेते, ओरडते, आणि जो पाय स्थिर राहावा म्हणून हा सारा उपद्व्याप, त्याच पायावर उसळ्या मारते. त्यामुळे पाय शिंगराचा असला तरी बंदिवास मायलेकरांचा. टांगा तितके दिवस उभा राहतो आणि रोजची कमाई बुडते. या खर्चाचा उल्लेख पशुवैद्यकाच्या पुस्तकांत नसतो, पण गल्लीतल्या जनावराच्या उपचाराचा निकाल पुष्कळदा तोच लावतो.

भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे उत्तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते: फिरवला नाही म्हणून. पट्टी बांधलेले शिंगरू हा त्या कोड्याचा एकमेव अपवाद मानावा. ते फिरवले की जखमेच्या कडा ओढल्या जातात, पट्टी सरकते आणि खाली घसरून घोट्याभोवती दोरीसारखी आवळते. डॉक्टर सांगतील तितके दिवस ते अडलेलेच बरे.

शिंगराचा पाय प्रौढ घोड्यासारखा समजून चालत नाही, हेही ध्यानात घ्यावे. त्याची कातडी पातळ असते. विषम दाबाची जखम प्रौढाला जिथे दोन दिवसांनी होईल तिथे शिंगराला एका रात्रीत होते. त्याची हाडे झपाट्याने वाढत असतात. म्हणून प्रौढ घोड्याच्या पायावर तीन-चार आठवडे राहू शकणारे प्लास्टर शिंगराच्या पायावर १०-१४ दिवसांत बदलावे लागते. फार दिवस आधार मिळाला तर त्याचे स्नायुबंध आळशी होऊन घोटा जमिनीकडे झुकतो. आणि दुखऱ्या पायाचा भार जो पाय वाहतो त्याच्याकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. बार्बारो नावाचा तीन वर्षांचा अमेरिकन घोडा मे २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकून दोनच आठवड्यांनी बाल्टिमोरच्या शर्यतीत उजवा मागचा पाय मोडून बसला. पेन्सिल्व्हेनियातल्या मोठ्या रुग्णालयात धातूची पट्टी आणि २७ स्क्रू घालून तो पाय सांधण्यात आला, साऱ्या देशाने त्याची विचारपूस केली. पण जुलैत भार वाहणाऱ्या डाव्या पायाच्या खुरात दाह झाला, आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याला शांतपणे मरण द्यावे लागले. मोडलेला पाय भरत आला होता. ज्याला काही झाले नव्हते तो पाय गेला.

म्हणून रोजची तपासणी पट्टीपुरती नसावी. सकाळ-संध्याकाळ हाताने चारही खुरांची ऊब पाहावी. पट्टीच्या वर आणि खाली सूज आहे का ते चाचपावे. पट्टीशी नाक नेऊन वास घ्यावा, कारण सडण्याची वर्दी डोळ्यांआधी नाकाला मिळते. शिंगरू पट्टी चावू लागले तर ते खोडकर झाले असे न समजता आत काही टोचते, खाजते किंवा आवळते आहे असे आधी समजावे. ताप पाहावा; शिंगराचा ताप ३८.९ अंश सेल्सियसच्या वर टिकून राहिला तर डॉक्टरांना बोलवावे. पट्टी भिजली, घसरली, तिच्यातून स्राव बाहेर आला किंवा लंगडणे वाढले, यांतले काहीही झाले तर ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नये; ती त्याच दिवशी बदलावी, मग आदल्या संध्याकाळीच बदललेली का असेना. एका वहीत रोजची नोंद ठेवावी. जुन्या पागेत दाणा-वैरणीची रोजकीर्द ठेवीत, तशीच ही.

पागेचे नाव निघालेच आहे तर सांगतो: मराठी फौजा पावसाळ्यात छावणीला बसत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करीत, यामागे नद्यांचे पूर होते तसेच घोड्यांचे पायही होते. चिपळूणकडील लष्कराला शिवाजी महाराजांनी लिहिलेले १६७० च्या दशकातील जे विख्यात पत्र आहे, त्यात पावसाळाभराचा दाणा आणि वैरण पुरवून वापरण्याची ताकीद आहे, आणि उंदराने दिव्याची जळती वात पळवून गवताच्या गंजीला आग लागेल इथपर्यंतची दूरदृष्टी आहे. राज्यकर्त्याने गवताच्या गंजीचा आणि दिव्याच्या वातीचा इतका बारीक विचार करावा, हे त्या पत्राचे मोठेपण मला लढायांहून अधिक वाटते. घोड्याच्या वैद्याला आपण ‘साळोत्री’ म्हणत असू, तो शब्द प्राचीन अश्ववैद्य शालिहोत्र याच्या नावावरून आला. नकुलाच्या नावावर असलेले सचित्र ‘अश्वशास्त्र’ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने, म्हणजे मराठी राजांच्या संग्रहाने, प्रसिद्ध केले आहे. परंपरा मोठी आहे यात शंका नाही. पण तिच्या आधाराने जखमेत शेण, चुना, तंबाखू किंवा काजळी भरणाऱ्यांचे समर्थन होत नाही. हळद आणि तेल यांचा लेप कातडीवर ठीक. खोल जखमेवर, पट्टीच्या आत, तो घातला की तेल पट्टीला ओलसर ठेवते आणि धूळ धरून ठेवते. डॉक्टरांनी कोरडे ठेवायला सांगितलेल्या जागेला तेलाने ओले करणे आणि पाण्याने ओले करणे, यात शिंगराच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

सगळे नीट गेले तर दहा-बारा दिवसांत पट्टीचा आकार लहान होतो, दोन बदलांमधले अंतर वाढते, आणि एका सकाळी डॉक्टर पट्टी काढून पुन्हा बांधतच नाहीत. उघड्या झालेल्या पायावरची लव चपटी आणि फिकट दिसते, जखमेच्या जागी गुलाबी, केस नसलेली रेघ असते, आणि शिंगरू तो पाय दोन-चार वेळा उगाच उंच उचलून पाहते, जणू त्यातले वजन कुठे गेले याचा शोध घेत असावे. ती नवी कातडी आणखी काही आठवडे कोवळीच असते. तिला चिखल आणि दव दोन्ही वर्ज्य.

आणि हे सगळे बहुधा खंडेनवमीच्या आसपास येते. त्या दिवशी म्हैसूरचे टांगेवाले आपली जनावरे धुतात, कपाळाला कुंकू लावतात, आयाळीत फुले माळतात. घोडी धुतली जाते, आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या शिंगरालाही आंघोळीचा हट्ट सुटतो. तेव्हा त्याचे तीन पाय खुशाल धुवावेत, आणि चौथा कोणी तरी घरातल्या कोरड्या फडक्यात धरून, पाणी ओघळेपर्यंत, वर उचलून ठेवावा.